अडेपर्यंत किल्ली

सोमवार, ४ मार्च

सापडलं! आईच्या कपाटातल्या बटणांच्या डब्यात, अगदी तळाशी. बाबांचं मनगटी घड्याळ. काच तडकलेली, पट्टा कुजलेला, काटे नऊला दहा कमीवर.

आई म्हणाली, टाकून दे, आता कशाला. मी म्हटलं, मी बिघडवलं, मीच दुरुस्त करणार. ती बटणं चाळत बसली.

मंगळवार, ५ मार्च

एकदा लिहूनच टाकते. आजवर कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या नवव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी बाबांची बढतीची मुलाखत होती. सकाळी हट्ट करून घड्याळाला किल्ली मी दिली. देत गेले, देत गेले — मग किल्ली अडली. तरी आणखी जोर लावला. मग मुकाट्याने घड्याळ त्यांच्या हातरुमालाशेजारी ठेवून पळाले. बाबांनी कपडे करताना त्यात पाहिलं, नऊला दहा कमी. म्हणजे भरपूर वेळ आहे! निवांत चहा घेतला. पोचले तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. बढती दुसऱ्याला. बाबा त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले.

तेव्हापासून घरात माझ्या हातून बशी फुटली तरी आईचं वाक्य ठरलेलं — 'हिने तर किल्ली देऊन बापाची बढती थांबवली!' पाहुणे हसतात. मीही हसते. बाबा मात्र उठून कुंड्यांना पाणी घालायला जायचे. मला वाटायचं, माझं तोंड बघवत नाही त्यांना.

पंचेचाळीस वर्षं झाली. मी मनगटावर घड्याळ बांधत नाही.

शनिवार, ९ मार्च

सुट्टी. जेवणाचं टेबल माझ्या ताब्यात.

जन्म लोकांच्या कवळ्या करण्यात गेला, त्यामुळे हात स्थिर आहे. भिंग आहे, चिमटे आहेत. पण कवळी काही टेबलावरून उडी मारत नाही! पहिलाच स्क्रू टुणकन उडाला. तीळही मोठा म्हणावा, एवढा तो. नवरा आणि मी तासभर फरशीवर ओणवे. शेवटी त्याच्याच मोज्यात सापडला. तो म्हणाला, घड्याळ झालं की माझे गुडघे घे दुरुस्तीला.

आई खिडकीशी बसून सगळं बघत होती. एरवी दहा सूचना केल्या असत्या. आज एकही नाही.

रविवार, १० मार्च

स्प्रिंग असते ती डबी उघडली. उघडायच्या आधी दोनदा हात धुतले. उगाचच. मला माहीत होतं आत काय दिसणार — तुटलेली स्प्रिंग. माझा पराक्रम.

स्प्रिंग अखंड आहे. पुन्हा पाहिली. भिंगातून पाहिली. नवऱ्याला दाखवली. एका तुकड्यात, धडधाकट!

मग बिघडलं काय?

गुरुवार, १४ मार्च

कामावरून थेट घड्याळवाल्या काकांकडे. दुकान त्यांनी कधीच बंद केलंय, पण घरात बाकडं आहे आणि त्यावर वीसेक घड्याळं टिकटिकत असतात. घड्याळ पुढे ठेवलं आणि सगळी हकिकत सांगितली, अगदी नऊ वर्षांच्या मुलीसकट. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. मला परीक्षेच्या निकालाला उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

"ताई, किल्ली देऊन घड्याळ मरत नाही. भरली की अडते, एवढंच. हे पडलंय."

आत सारखं डोलणारं जे चाक असतं, त्याच्या आसाचं टोक मोडलंय. आणि बाहेर कडेला पोचा आहे, नखाला लागेल एवढाच. मी रोज हाताळत होते, पाहिलाच नव्हता. मी विचारलं, खात्री आहे ना? ते म्हणाले, आयुष्यभर पडलेलीच घड्याळं पाहिली मी.

मग झाकणाची आतली बाजू माझ्यापुढे धरली. दुरुस्त करणारे तिथे सुईने बारीक खूण करतात म्हणे, तारखेसकट. तारीख वाचली. मुलाखतीनंतर बरोबर आठ दिवसांची! म्हणजे बाबांनी ते कुणाला तरी दाखवलं होतं. आणि त्या माणसालाही हे टोक दिसलंच असणार.

रस्त्यात रडले. चांगलं हुंदके देऊन. फळवाल्याने विचारलं, काही झालं का? म्हटलं, नाही हो, काहीच झालं नव्हतं.

शुक्रवार, १५ मार्च

जेवताना आईला सांगितलं. मोठ्याने, जरा चढ्या आवाजातच. किल्लीने नाही, पडल्याने बिघडलं!

तिने एवढंच विचारलं, "इतक्या वर्षांनीसुद्धा कळतं होय?"

भात तसाच टाकून उठली.

शनिवार, १६ मार्च

नवीच भुणभुण. मीच पाडलं असेल तर? पाडून विसरले असेन तर? चढले होते ते स्टूल आठवतं, हातरुमालाची निळी कड आठवते. पडल्याचा आवाज आठवत नाही. पण नऊ वर्षांच्या पोरीवर किती विश्वास ठेवायचा! दोन दिवस काय ती मोकळी हिंडले.

रविवार, २४ मार्च

काकांनी मोडीतल्या तशाच घड्याळाचं चाक काढून दिलं, आसासकट. बसवायचं मात्र मीच. सकाळपासून तीनदा बसवलं, तीनदा वाकडं. चौथ्यांदा चिमटा काढून घेतला आणि ते आपलं आपण डोलायला लागलं. टिकटिक! नवऱ्याने कान लावला, मी कान लावला.

आई आली नाही. आतून म्हणाली, ऐकू येतंय मला. तिला तर हाक मारलेली ऐकू येत नाही.

सोमवार, २५ मार्च

सकाळी आई स्वतःहून टेबलाशी येऊन बसली.

"माझ्या हातून पडलं होतं. तू किल्ली देऊन गेलीस, मी ते पुसायला घेतलं. तुझं नाव आपसूक पुढे आलं. वाटलं, लहान आहे, हिला कोण बोलणार."

मी विचारलं, बाबांना कळलं होतं?

"आठवड्यात कळलं. तुझ्याकडून पडलेलं नाही, हेही माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. मला चकार शब्द बोलले नाहीत. मी कधी तुला सांगते याची वाट बघत होते. ते गेल्यावर तर सांगायचं धैर्यच होईना."

म्हणून कुंड्या!

रागवायला हवं होतं. पण अंगावरून एवढं ओझं उतरलं होतं की राग येईना. तिचाही चेहरा धुतल्यासारखा झाला होता. घड्याळ तिने माझ्या मनगटावर बांधलं, नवा पट्टा जरा सैल आहे. रात्रभरात ते मंदावलं होतं. मी धास्तीने दोनच वेढे दिले आणि थांबले.

"दे गं," आई म्हणाली. "अडेपर्यंत दे."