बाबाची दाढी कोणी केली

१९ मार्च, घुग्घुस

माझा भाऊ धनराज म्हणतो, "येईल ना बे! जाऊन जाऊन जाईल कुठी?" येईल! बाबा काय कोंबडी आहे, अंधार पडला की खुराड्यात यायला?

धुळवडीला सगळे रंगात होते आणि बाबा उघड्या दारातून निघून गेला. वर्ष-दीड वर्ष झालं, डोक्यातून नावं-गावं गळून गेलीत त्याची. पोलिसांत लिहून दिलंय. भावाला खाणीची शिफ्ट, वहिनीला पोरं. उरलो मी. वहिनी म्हणाली, "प्रणितभाऊ, तुमाले तसाही फिराचा नाद हाय, तुमीच जा." घ्या! माझ्या नादाचा घरात पहिल्यांदा उपयोग झाला.

या गावाचीच किळस येते. वरणावरसुद्धा कोळशाची काळी साय धरते. शेजारी येतात, च्-च् करतात, चहा पिऊन जातात.

बाबाची ओळख — पांढरी दाढी छातीपर्यंत, निळा शर्ट, पायात काही नाही. फोनमध्ये फोटो आहे, तोही दाढीचा. बिनदाढीचा बाबा मी जन्मात पाहिला नाही.

२० मार्च, चंद्रपूर

सापडला! म्हणजे बाबा नाही, त्याला नेणारा. मुखरू नावाचा काळीपिवळीवाला. फोटो बघताच खूश — "हा बुवा? ह्याले तं मीच सोडला मूल गावाले!"

"काऊन?"

"उन्हात उभा होता भाऊ. कुठी जाता म्हणलं तं समोर हात केला. बसवला मंग. खिडकीपाशी!"

खिडकीपाशी म्हणे! छाती फुगवून सांगत होता. अरे, तू दया केली नसतीस तर बाबा चौकातच मिळाला असता. वर मला म्हणतो, "चला, तुमालेबी सोडतो." बसलो. मला खिडकी दिली नाही.

२१ मार्च, मूल

आशाबाईची चहाची टपरी. फोटो दाखवला तर बाईने आधी मला भजी दिली. मग सांगितलं, "होता ना इथी. दोन दिस माह्या बाकड्यावरच झोपला. शर्टाचा असा वास, गिऱ्हाईक उठून जाये! मंग आमच्या ह्यांचा पांढरा झब्बा घातला त्याले."

"आणि निळा शर्ट?"

तिने हातातला बाकडं पुसायचा पोचा वर केला.

बाबाचा शर्ट! त्यावर चहाचे डाग, भज्याचं तेल. एक बटण शिल्लक. म्हटलं, द्या इकडे. ती म्हणाली, "घेऊन जाय बाबू. पण मले दुसरा फडका आणून दे." आणि हसली. मला हसू आलं नाही. फडका आणूनही दिला नाही.

तिथून बाबाला तिने सावली गावाला जाणाऱ्या ट्रॅक्टरवर चढवून दिलं. का? तर तो समोर हात करत होता. अरे, तो तर सगळीकडेच हात करतो! हातपंपाकडे करतो, कुत्र्याकडे करतो. या लोकांना कोणी सांगितलं होतं त्याचा हात ऐकायला?

२२ मार्च

ढेकूण. शी!

२३ मार्च, सावली

दाढी गेली.

लहानू न्हावी. चौकात दुकान, आरशावर बाबासाहेब, खाली पावडरचा डबा. म्हणतो, "दाढीत उवा झाल्या होत्या जी. म्हणलं, आपल्या बापाची असती तं? पाणी गरम केलं, गुळगुळीत केली, पावडर मारली. चेहरा कसा निघाला! नवरदेवच!"

मी ओरडलो. काय काय बोललो, लिहीत नाही. खुर्चीत एकजण अर्धा गाल फेसाचा घेऊन बसला होता, तो खिदळायला लागला. "लहानू, तुवं तं त्याचा बापच छाटून टाकला बे!" लहानूचा वस्तरा हवेत थांबला. "मले काय मालूम," एवढंच बोलला. बिचकला होता.

एकाने गाडीत घातला, एकीने शर्ट काढला, याने दाढी. सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, माझा बाप पुसून टाकला! आता काय सांगत फिरू? साफ चेहरा, पांढरा झब्बा? असे म्हातारे दर गावात पारावर चार बसलेले असतात. कोणी त्याला हाकललं असतं, एखादा दगड मारला असता, तर तो घरी तरी परतला असता. दयाळू माणसांचा वीट आलाय मला.

आणि पुढे? दाढी झाल्यावर दुकानासमोर गडचिरोलीला जाणारी लग्नाची गाडी थांबली होती. वऱ्हाडी म्हणाले, "चला आजोबा, जेवाले!" गेला बाबा. परक्याच्या घरी पाणी न पिणारा माझा बाबा!

लहानूने त्या फेसवाल्याचा दुसरा गाल उरकला, दुकान बंद केलं, मला गाडीवर मागे बसवलं. गडचिरोलीचा स्टँड, दवाखाना, दिसतील ती मंगल कार्यालयं. सगळीकडे त्यानेच विचारलं, मी नुसता मागे उभा. लग्न कोणाचं तेच कोणाला सांगता येईना. दिवसभराचा धंदा बुडाला त्याचा. परत जाताना म्हणाला, "सापडला का फोन करजा जी." मी नंबर तेवढा घेतला.

२६ मार्च

काहीच नाही. गडचिरोलीत पाय दुखेपर्यंत फिरलो. फोटो दाखवला की लोक दाढी बघतात आणि मान हलवतात. मी सांगतो, दाढी काढून बघा! कशी काढतील?

२७ मार्च, चामोर्शीच्या अलीकडे

निघालो होतो बाजारात विचारायला. वाटेत माणसं घाईने पळसाच्या झाडांकडे वळत होती, मीही वळलो. कोंबड्यांची झुंज! पायाला काती, धारदार पाती, बांधलेल्या. सगळी दुपार तिथेच गेली. बाप हरवलाय आणि मी लाल्या कोंबडा जिंकावा म्हणून ओरडतोय! आतडं बाहेर आलं त्याचं. मालकाने तिथेच पिसं उपटायला घेतली. घाण. तरी मी शेवटपर्यंत उभा.

शेजारी खुशाल म्हणून एकजण होता. त्याला सांगितलं, सांगायचं म्हणून. तो म्हणाला, "माही बहीण आलापल्लीच्या पलीकडे देली हाय. तिच्या गावात बायांले एक म्हातारा सापडला जंगलात. दाढी-मिशी काही नाई. नाव बी सांगत नाई."

"झब्बा?"

"असन ना! पांढरं काहीतरी होतं म्हणे."

बाबाच! एवढ्या लांब कसा पोचला? पोचवला असेल कोणीतरी प्रेमाने! लोकांना दुसरा धंदा काय?

२९ मार्च, आलापल्ली

बस चुकली. चुकली म्हणजे मी सागाची झाडं बघत बसलो. मान दुखली.

३१ मार्च

खुशालच्या बहिणीच्या गावात पोचलो. बाया अजून जंगलातच आहेत, मोहाची फुलं वेचायला. बाबाही त्यांच्याबरोबर! त्या येईपर्यंत लिहितो.

पडवीत बायनाबाई आहे, या घरची म्हातारी. तिची सून गिरजाबाई. गिरजाबाईच्या मोहाखाली बाबा पडलेला सापडला. इथे जंगलातलं झाडन् झाड वाटलेलं आहे, या घरचं, त्या घरचं. झाडाखाली जे पडेल ते त्या घरचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. बायनाबाई अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "गिरजाच्या झाडाखाली पडला, मंग गिरजाचाच. बाजूच्या झाडवाली नेतो म्हणत होती. गिरजा भांडली तिच्यासंगं!"

म्हणजे माझा बाप मोहफूल झाला! सगळ्या अंगणात फुलं वाळत टाकलीत, आंबूस गोड वास, माश्या. डोकं उठलंय.

बाबाचं जेवण रोज एकेका घरचं, झोपणं इथे. पोलीस पाटलाला सांगितलंय. त्याला जंगलात काऊन नेता, म्हणून मी चिडून विचारलं. तर म्हणाली, "वाघाचं भेव हाय ना बाबू. बाया एकमेकीले हाका मारत वेचतेत. हा कोणाच्याबी हाकेले 'ओ' देते. एकटी असली तरी बाईले धीर वाटते."

बाबाने कधी असा ओ दिल्याचं आठवत नाही मला. पण त्याच्यात काय काय बदललं असेल! दाढी नसली तरी मी ओळखीन. उद्याच्या पहिल्या बसने नेतो.

आल्या वाटतं.

३१ मार्च, संध्याकाळ

टोपल्यांच्या रांगेत मागून तो येत होता. शेवटच्या बाईशी मागे वळून काही बोलत होता. पाठ, पांढरा झब्बा. मी ओरडलो — "बाबा!"

"ओ!" लगेच म्हणाला. आणि वळला.

नाही. बाबा नाही. कपाळ वेगळं, डोळे वेगळे, सगळंच वेगळं. हा कोणी दुसराच.

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. गिरजाबाईने टोपली उतरवली, त्याच्या झब्ब्याची मळकी बाही झटकून सरळ केली, मला दाखवायला. मी मान हलवली. बाया आपसात गोंडीत काही बोलल्या. मला वाटलं लाथ घालावी, त्या टोपलीला, त्या म्हाताऱ्याला, खुशालला. खरंच घातली असती.

गिरजाबाई म्हणाली, "नाई का?" मग टोपली बाजूला सारली — "बरं. मंग जेवून घे आधी."

त्याच्या शेजारीच पान मांडलं. आज पलीकडच्या घरची पाळी, मुलगी डब्यात आंबील आणि भाजी घेऊन आली. मी आहे म्हणून पुन्हा पळत घरी गेली, आणखी घेऊन आली. म्हातारा माझ्याकडे बघून हसत होता. त्याचा घास सांडला की कोणी ना कोणी पुसत होतं. शी-शी कोणीच करत नव्हतं. मीच करत होतो, मनात.

कुठेतरी कोणीतरी बाबासमोर असंच पान मांडत असेल, तर तेही आता माझ्या शिव्या खाऊनच मांडत असेल.

लहानूला फोन केला. म्हटलं, नाही सापडला. त्याने विचारलं, "तुमी जेवले का?"

२ एप्रिल, अहेरीचा बाजार

फोनमध्ये आता दोन फोटो आहेत. आधी गिरजाबाईकडच्या म्हाताऱ्याचा दाखवतो, विचारतो, हा कोणाचा बाबा?