हौदाकडची भिंत

१२ ऑगस्ट २०२४

आकांक्षाच्या खोलीत पुन्हा बुरशी. खाटेच्या उशापासून खिडकीपर्यंत काळे ठिपके. ही खाट केशरबाईची — माझ्या बायकोची. चार वर्षांपूर्वी ती गेली, मग खाट आणि खोली नातीला दिली.

सूनबाई, पल्लवी, फडक्यानं डाग पुसत म्हणाली, "मामा, लेकरू खोकून खोकून बेजार झालं. भिंतीचं काईतरी बघा."

चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. आखाडा बाळापुरात किती घरं माझ्या हातची. मला भिंत शिकवते! म्हटलं, खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. तिनं दोरी तेवढी सोडून नेली.

२० ऑगस्ट

पोपडे खरवडले. चुन्यात बुरशी मारायला मोरचूद कालवून दोन हात दिले. आकांक्षा दारात उभी. सहा वर्षांची पोर, पण बोलताना धाप लागते. "आजोबा, हत्ती नका पुसू." त्या काळ्या डागात तिला हत्ती दिसायचा.

पुसला.

२८ ऑगस्ट

हत्ती परत आला.

३ सप्टेंबर

नांदेडच्या डॉक्टरांनी माझ्या मुलाला, प्रज्ञेशला, बजावून सांगितलं — पोरीला त्या खोलीत झोपवू नका. दुसरी खोली आहे कुठं? पल्लवी तिला घेऊन माहेरी, शिरड शहापूरला गेली. जाताना पोरगी म्हणते, "भिंत वाळली की फोन करा."

दिवसभर काही सुचलं नाही. जेवलोही नाही.

१७ सप्टेंबर

आठ दिवस पाऊस नाही, तरी ओल आहेच. परवा ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारून ठेवली. काल नळ आला, भिंतीमागचा हौद काठोकाठ भरला. आज ओल रेघेच्या वीतभर वर.

हौदाचं मनात कधीच आलं होतं. कबूल करवत नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी मीच बांधला तो, केशरबाईसाठी. जन्मभर हापशावरून घागरी वाहिल्या तिनं, शेवटी मान वळेना. म्हणून घराला लागूनच घेतला. तीन भिंती नव्या, चौथी खोलीचीच. तेवढ्याच विटा वाचल्या. लोकांच्या घरी असं कधी केलं नाही, मालकानं उभं केलं नसतं. आपल्या घरी कोण विचारतो?

केशरबाई मात्र फार खुश होती. ओल्या सिमेंटवर तिनं बोटानं "केशर" लिहिलं. तिला तेवढंच लिहिता यायचं.

२९ सप्टेंबर

हौद फोडला. प्रज्ञेश म्हणाला, "बाबा, मी माणूस लावतो ना. तुमी काहून?" घण मीच घातला, दोन दिवस लागले. चौथ्या भिंतीच्या विटा हातात चुरत होत्या. तिच्या नावाचा तुकडा मात्र अख्खा निघाला. धुऊन कोनाड्यात ठेवला.

पाणी आता ड्रममध्ये.

२ डिसेंबर

भिंत खडखडीत वाळली. खराब विटा काढून नव्या बसवल्या, गिलावा केला, रंग दिला. शिरडला फोन लावला. आकांक्षानं पहिल्यांदा हेच विचारलं, "हत्ती हाय का?" म्हटलं, न्हाई, पळून गेला. जरा हिरमुसली. मग म्हणाली, "येतो आमी."

७ डिसेंबर

काल दोघी आल्या. सकाळी पल्लवीनं चहा आणून दिला. म्हणाली, "मामा, पोरगी एकदाबी खोकली न्हाई." डोळे भरले होते तिचे. माझेही भरले.

कितीतरी वर्षांनी त्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला नाही.

८ डिसेंबर

कितीतरी वर्षांनी — काल लिहिलं तेव्हा लक्षात आलं नाही.

केशरबाई त्याच खाटेवर तीन वर्षं खोकली आणि खोकतच गेली. मी म्हणायचो, चुलीचा धूर बाधला. गॅस आणून दिला, तरी खोकायची. भिंत ओली लागते, असं दोनदा म्हणाली होती. तुला भिंतीतलं काय कळतं, म्हणालो होतो मी.