चंद्रोदयाची बदललेली वेळ

मानकनगर, लखनौ. संकष्टी, गुरुवार.

मुक्ता म्हणते, काही लपवलं नाही. मला नाही पटत.

इथल्या मराठी घरांसाठी ती कॉम्प्युटरवर पंचांगाचं पान बनवतेय. आज त्यावर चंद्रोदय ८.४२ होता. मी नैवेद्याचं ताट वाढलं आणि डोळ्यांदेखत ८.४२ चे ९.०५ झाले! पानाला कुणी हातही लावला नव्हता.

"आई, लाइब्रेरी में ग़लती थी, अभी ठीक की. पेज अपने आप नया कोड उठा लेता है."

"लायब्ररी? ती तर सहालाच बंद होते."

पोरगी हसली. "अरे, गणित वाला कोड! सारे पेज उसी से चलते हैं."

म्हणजे चूक आधीपासून होती. गेल्या संकष्टीला ढग होते, चंद्र दिसलाच नाही, मी पानावर विसंबून जेवले. आत्ता तो महिना उघडून पाहिला, तर तिथेही ८.२६, जशी काही पहिल्यापासून तीच वेळ होती. माझ्या वहीत मात्र शाईने लिहिलंय: चंद्रोदय ८.०३, लगेच उपास सोडला.

तेवीस मिनिटं आधी जेवले मी. शाई काही आपोआप बदलत नाही. बाप्पा, उद्याचा उपास त्या तेवीस मिनिटांचा.