शेगडी खोटं बोलली

३ नोव्हेंबर, सोमवार
शेगडी खोटं बोलली! ऑफिसातून आले तर घरभर धूर, दुधाचं पातेलं काळंठिक्कर, आणि बाबा बाहेर पायरीवर खोकत बसलेले. आडवं होण्याआधी त्यांनी बटण दाबून विचारलं होतं. घर म्हणालं, "शेगडी बंद आहे." त्यांना दिसत नाही म्हणून तर हे बोलणारं घर मी जुळवलं, आणि तेच असं!

शेजारच्या अक्कम्मामावशींनी दादाला कळवलं. अकलूजहून लगेच फोन — बास झालं तुझं कॉम्प्युटर, रविवारी येतो, बाबांना घेऊन जातो. बाबा ऐकत होते. "म्या कुटं जात न्हाय," एवढंच बोलले. जेवले नाहीत.

४ नोव्हेंबर
सापडलं. दिवे, पंखे, मोटर — प्रत्येकासाठी मी त्याच ओळी चिकटवत गेले होते: चालू असेल तर असं बोल, नसेल तर तसं बोल. दर वेळी नाव दोन जागी बदलायचं. गेल्या आठवड्यात शेगडी जोडली तेव्हा एकच जागा बदलली. म्हणजे घर बघत होतं जिन्यातल्या दिव्याकडे आणि सांगत होतं शेगडीचं! भरदुपारी जिन्यात दिवा कोण लावतंय? स्वतःचाच असा राग आला!

५ नोव्हेंबर
रजा टाकली. सगळा पसारा पुसला. नियम एकदाच लिहिला — मॅक्रो म्हणतात त्याला. आता वस्तूचं नाव एकाच जागी द्यायचं. तो तिलाच बघतो, तिचंच सांगतो. चुकायला जागाच नाही. हे आधी का सुचलं नाही? आळस, दुसरं काय. चिकटवणं सोपं असतं.

६ नोव्हेंबर
बाबांनी भिंत चाचपत घरभर फिरून एकेक बटण तपासलं. शेगडीवर हात धरून ऊब बघितली, मग घराला विचारलं. बरोबर बोललं. "आता खरं बोलतंय की," म्हणाले आणि स्वतः चहा ठेवला. आज ढाराढूर झोपणार मी!

९ नोव्हेंबर, रविवार
दादा आला, बाबांचे कपडे भरायला रिकामी बॅग घेऊनच. सकाळभर घराची परीक्षा. बाबांना न सांगता हळूच शेगडी लावली, पंखा बंद केला, मोटर सोडली. घर एकदाही चुकलं नाही. बाबांनी त्याच्या हातात चहाचा कप दिला. दादा तिथंच बसून प्यायला. भांडायला आलेला माणूस!

दुपारच्या एसटीनं गेला, बॅग रिकामीच. जीव भांड्यात पडला.

११ नोव्हेंबर
दादाचा फोन. म्हटलं, आता काय राहिलं? तर त्याच्याही डोळ्यांत काचबिंदू निघालाय, बाबांसारखाच. महिना झाला कळून, घरात कुणाला बोलला नाही. मग म्हणाला, "प्रिया, तुझं ते बोलायचं माझ्या घरात बसंल का गं?"

बसेल की दादा, म्हटलं. तुझ्या घरातल्या वस्तूंची नावं तेवढी सांग.