दोन इंच उचललेली जीप आणि माझी बाकीची मिळकत

मी, दौलत बामा भोईर, वय अडुसष्ट, धंदा गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम, राहणार अंजूर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने करत आहे. माझं हृदय कमजोर झालं आहे, डोकं शाबूत आहे. तसा दाखला डॉ. तनवीर खोत यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट घरातले म्हणतात, आत्ताच कशाला. याआधी मी मृत्युपत्र केलं नाही, कारण तशी गरज वाटली नव्हती. एकच मुलगा होता. जे होतं ते त्याचंच होतं.

१. अंजूरचं राहतं घर माझ्या कष्टाच्या कमाईचं आहे. माझ्यामागे ते माझी पत्नी गोदावरी, जिला आम्ही गोदू म्हणतो, तिच्याकडे ती जिवंत असेपर्यंत राहील. तिच्यानंतर ते माझी सून ऋतिका प्रितम भोईर हिच्या पूर्ण मालकीचं होईल. बँकेतली सगळी ठेव गोदूची. शेतजमीन उरलेली नाही. तिच्यावर गोदामं उभी आहेत, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

२. गॅरेजमधली हत्यारं, स्प्रिंग दाबायचं यंत्र आणि दोन्ही मोठे जॅक माझा मित्र यूनुस इब्राहिम बुबेरे याला द्यावेत. भिवंडीत त्याचं टायरचं दुकान आहे. मी गाड्या उचलल्या, म्हणजे स्प्रिंगा बदलून उंच केल्या, आणि त्याने त्यांना टायर घातले, असा आमचा सगळा जन्म गेला. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच. गॅरेजची जागा भाड्याची आहे. ती झाडून, धुऊन मालकाला परत करावी.

३. जीप.

ही जीप मी माझी सून ऋतिका हिला देत आहे. वकीलसाहेब म्हणाले, एवढं एक वाक्य पुरे. मला ते पुरत नाही, म्हणून पुढचं लिहितो.

प्रितम सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होता. दिघाशीच्या बाजूच्या गावांमध्ये गोठ्यागोठ्यांतून फिरणं, हे त्याचं काम. जीप घेतली त्या आठवड्यात तो गॅरेजवर आला आणि म्हणाला, "बाबा, चार इंच उचलूया. आणि मोठे मड टायर टाकूया. चिखलात अडकायला नको."

मी म्हटलं, "चिखल किती? रस्ता सोडून गोठ्यापर्यंत. बाकी दिवसभर तू हायवेला कंटेनरच्या बाजूने चालवणार. चार इंचावर गाडी वळणाला कलते. मड टायर ओल्या डांबरावर सरकतात, ब्रेक उशिरा लागतो. न्हाय."

"सगळी पोरं टाकतात."

यूनुस तिथेच बसला होता. तो म्हणाला, "ती पोरं रविवारी चालवतात, फोटो काढतात. तुझी रोजची गाडी हाय बेटा."

तेवढ्यात गोदू डबा घेऊन आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मी कशी चढू? शिडी बांधशील का गाडीला?" प्रितम हसला आणि तिथेच हरला. मग आम्ही दोन इंच उचलली. टायर यूनुसने निवडले, डांबर आणि चिखल दोन्हीकडे चालणारे, मूळच्यापेक्षा फक्त एक माप मोठे. काम आम्ही बापलेकांनी मिळून केलं. पहिली फेरी गोदूला घेऊन कशेळीच्या पुलापर्यंत. ती म्हणाली, "पोटातलं पाणी हाललं न्हाय." माझ्या कामाची याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही.

चार वर्षांपूर्वी जुलैत प्रितम एका अडलेल्या म्हशीला मोकळी करून परत येत होता. वाटेत ओढ्यावरच्या मोरीवर पाणी चढलं होतं आणि मधोमध एक रिक्षा अडकली होती. आत अमरीन शेख नावाची शाळेतली बाई होती, आणि रिक्षावाला. प्रितमने जीप पाण्यात घातली आणि रिक्षाच्या वरच्या अंगाला आडवी लावली, म्हणजे पाण्याचा जोर जीपवर यावा. अमरीनला हात देऊन आत घेतलं. रिक्षावाल्याचा पाय सुटला, म्हणून प्रितम खाली उतरला. त्याने त्याला ढकलून जीपच्या बंपरपर्यंत आणलं. मग मोरीच्या कडेवरून त्याचा स्वतःचा पाय घसरला.

तो दुसऱ्या दिवशी सापडला.

जीप जागेवरून हलली नव्हती. इंजिन चालू होतं, दिवे चालू होते. रिक्षावाल्यानेच ती मागे घेतली. मी गाडीत जे जे केलं होतं ते सगळं नीट टिकलं. हे मला कोणी कौतुकाने सांगितलं की मी उठून बाहेर जातो.

४. राघो बामा भोईर हा माझा सख्खा धाकटा भाऊ. तेराव्याला पंगत उठायच्या आधी तो सगळ्यांसमोर मला म्हणाला, "गाडी उंच केलीस म्हणून पोरगा पाण्यात घुसला. साधी गाडी असती तर काठावर ऱ्हायला असता." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही.

त्या बोलण्यावर मी खूप विचार केला. साधी गाडी असती तर प्रितम पायी गेला असता, असं मला वाटतं. पण हे मला ठाऊक नाही, नुसतं वाटतं, आणि रात्र काढायला ते पुरत नाही. राघोने त्या पोराला खांद्यावर बसवून गावभर फिरवलेलं होतं. त्यालाही कुणावर तरी ओरडायचं होतं, मी समोर होतो. मी राघोला या मृत्युपत्राने काहीही देत नाही. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार होऊ शकतो, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. म्हणून मी त्याला निरोप पाठवला आहे.

५. अमरीनबाई दरवर्षी त्या तारखेला घरी येते. ओटीवर बसते. गोदू आतून बाहेर येत नाही. ऋतिका पाणी देते. अमरीन पदराशी चाळा करत बसते आणि निघताना म्हणते, "येते, बाबा." माझ्यामागे तिला यूनुसने सांगावं की तिच्याकडे आमचं काही निघत नाही. तिने यावंसं वाटलं तर यावं. पण वाईट वाटेल म्हणून येऊ नये. तिने तिची शाळा करावी, पोरं वाढवावीत, आणि एखाद्या वर्षी ती तारीख विसरली तर त्यात काही पाप नाही.

गोदूबद्दल कोणी गैरसमज करू नये. तिला त्या पोरीचा राग नाही. तिला बघवत नाही, इतकंच.

६. आता ऋतिकासाठी.

बाळा, प्रितम गेल्यावर तू ही जीप शिकलीस आणि रोज कशेळीवरून ठाण्याला लॅबमध्ये ड्युटीला नेतेस. पहिल्या महिन्यात तू म्हणालीस, "बाबा, उंच हाय, पाय पोचत न्हाय. खाली करून द्याल?" मी पायरी बसवून दिली, पण दोन इंच काढले नाहीत. हात गेला नाही. ते ठेवायचे की काढायचे, ते आता तू ठरव. यूनुस काढून देईल.

टायर मात्र बदल. ते अजून प्रितमचेच आहेत, आणि म्हणून तू ते बदलू देत नाहीस, हे मला माहीत आहे. नक्षी दिसते म्हणून टायर चांगला, असं नसतं. रबर वयाने कडक होतं, बाजूंना बारीक चिरा पडतात, पावसात रस्ता धरत नाही. टायर आठवण म्हणून ठेवायची वस्तू नाही. पाचही एकदम बदल, स्टेपनीसकट. कोणी कितीही सांगितलं तरी मड टायर घेऊ नकोस.

लॅबमधला कुणाल दोनदा घरी आला. चांगला मुलगा वाटला. गोदूने त्याला चहा विचारला नाही, मी विचारला. तू लग्न केलंस तरी कलम एक आणि कलम तीन जसंच्या तसं राहील. घर तुझं, जीप तुझी. जीप कोण चालवतो, तिच्यात कोण बसतो, हे विचारायचा हक्क भोईरांपैकी कोणालाही नाही. गोदू रडेल. तिला रडू दे. पण तू थांबू नकोस.

७. माझे दिवस मोठे करू नयेत. पंगतीत कोणी काही बोललं तर बोलू द्यावं.

वर लिहिलेलं सगळं मला वाचून दाखवलं, ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी खाली सही करत आहे.

सही: दौलत बामा भोईर

साक्षीदार:
१. डॉ. तनवीर खोत, भिवंडी (सही)
२. राघो बामा भोईर, अंजूर (सही)

ठिकाण: भिवंडी
तारीख: १० नोव्हेंबर २०२५

खाडाखोडीबद्दल खुलासा: सोबतच्या वारसांच्या तक्त्यात कारकुनाने सवयीने 'मुलगा प्रितम' या नावापुढे 'हयात' असं टाइप केलं होतं. तो शब्द खोडला आहे. पेन टेकवल्यावर माझा हात थांबला, तेव्हा राघो म्हणाला, "दादा, ऱ्हाऊ दे. आण इकडे, मी खोडतो." पण मृत्युपत्र करणाऱ्यानेच खोडायचं असतं. म्हणून मीच खोडला. बाजूला माझी छोटी सही आहे.

द. बा. भोईर