चाळिसावी टेप

१० जून १९९६
नाशिकच्या सरकारी टीव्ही केंद्रात, कार्यक्रम विभागात रुजू झालो. वार्ताहरकीत झिजलेल्या चपला आणि पाठशाळेत झिजलेली जीभ, दोन्ही कामी आल्या. बातमीपत्र आहेच, शिवाय रोज सकाळी पाच मिनिटं सुभाषित. विभागात शेतीचा कार्यक्रम करणारे यादव, पेठ तालुक्याकडच्या बायकांची गाणी करणाऱ्या नवसाबाई आणि प्रमुख मनीषाताई. नव्या टेपा मिळत नाहीत. कार्यक्रम बंद झाला की ज्याने त्याने आपल्या टेपा यंत्रावर पुसायच्या, मग त्यांवर दुसरा कार्यक्रम भरायचा. पुनर्जन्मावर सरकारची इतकी श्रद्धा असेल असं वाटलं नव्हतं.

४ मार्च १९९९
मुंबईहून तयार मालिका येऊ लागल्या. शेती बंद. यादवांनी काल गुणगुणत टेपा पुसल्या. आज त्यांची खुर्चीच नाही. मनीषाताई म्हणाल्या, कोण यादव? थट्टा वाटली. संध्याकाळी पंचवटीत त्यांच्या घरी गेलो. दिवाळीला मला आग्रहाने चिरोटे वाढणाऱ्या मालनवहिनी दारातूनच म्हणाल्या, घर चुकलात, मी लग्नच केलं नाही.

१९ ऑगस्ट २००१
नवसाबाईंची गाणी बंद. पुसू नका म्हणून हात जोडले. त्या हसल्या. म्हणाल्या, माणूस काय टेपात ऱ्हातो, गुरुजी? लय पोथ्या वाचल्या तुम्ही.

२० ऑगस्ट
त्यांच्या टेबलावर संगणक आहे. नवसाबाई आता फक्त या वहीत.

२ मे २००३
सुभाषित बंद. चाळीस टेपा. पुसणार नाही म्हणालो. ताई म्हणाल्या, हा काय लहान मुलासारखा हट्ट. एक टेप पिशवीतून घरी आणली, कपाटामागे ठेवली.

५ मे
रॅक रिकामा. मला त्रास नको म्हणून ताईंनीच एकोणचाळीस पुसल्या. घरी मीनाने विचारलं, चहात साखर किती घेता? वीस वर्षांच्या संसारानंतर. मी हसलो. ती नाही हसली.

६ मे
मीनाने दार अर्धंच उघडलं. कोण हवंय म्हणाली. मग पाणी दिलं — पाहुण्यांच्या पेल्यात. कपाटामागे कुणाची तरी टेप सापडली म्हणे. केंद्राचा शिपाई शोधत आला होता, देऊन टाकली.

रिक्षात लिहितोय. पुसायचं यंत्र पाचला लावतात. पाचला दहा मिनिटं — अंबडचा फाटा अजून —

वर कुणा यादवांबद्दल लिहिलंय. अक्षर माझंच. कोण हे —

निदान नाव लिहून ठेवतो. माझं नाव