खांबाची हळद

बाबा, आत्यानं खांबाची हळद पुसली. याचा अर्थ ज्याला कळेल असं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही गेल्यावरही तुम्हालाच सांगते.

तुम्ही नागपूरच्या शाळेत इतिहास शिकवायचे, आणि सुटी लागली की मला स्कूटरवर बसवून रामटेकच्या पलीकडे, आपल्या गावच्या महादेवाच्या देवळात न्यायचे. माझ्या मैत्रिणी फुटाळा तलावावर भुट्टे खायच्या आणि मी खांब पाहायची! तुम्ही खांबावर हात ठेवून सांगायचे, हे यादवांच्या काळातलं काम, दगडावर दगड, मधात चुना नाही की माती नाही, सगळा भरवसा वजनावर. पुढे भोसल्यांच्या राज्यात कुणी हौसेनं वर विटांचं शिखर चढवलं, आणि उजवीकडचा खांब कलला. गावानं त्याला दगडी टेकू दिला. तेव्हापासून उत्सवाआधी त्या खांबाच्या सांध्यावर हळद-कणकेचा जाड लेप लावायची रीत पडली. लेप धड राहिला तर मंडपात बसायचं. सांध्यासांध्यानं सरळ चीर गेली तर देव रागावला, पूजा बाहेरूनच. एकदा मी आत्यासमोर शहाणपणानं म्हटलं, देव नाही रागावत, खांब हलतो. तुम्ही मला बाहेर नेऊन काय झापलं! "चूप. त्या भेवानंच लोक जिते आहेत."

ते भेव आता गेलं, बाबा. देवळाच्या कमिटीनं विटा उतरवून सिमेंटचं शिखर चढवलं आणि खाली टाइल्स बसवल्या. टाइल्सच्या मधात येतो म्हणून टेकू काढून फेकला! माझं डोकंच फिरलं. उद्या कळस चढणार आहे, सगळं गाव मंडपात बसणार आहे. परवा मी गेले तेव्हा लेपाला आरपार चीर होती. अध्यक्षाला हात धरून दाखवली, तर म्हणतो, ताई, शुभकार्यात मोडता घालू नका. आज पुन्हा गेले, तर चीर गायब. पिवळीधमक ओली हळद, आणि आत्या हात धुवत बसलेली.

"काहून पुसली वं आत्या?"

"कळसाच्या दिवशी फुटकी हळद बरी दिसते का? पाहुणे येऊन राहिले. मस्त लावून देली म्या."

"अवं, खांब सरकून राहिला!"

"तुह्या बापानंही असंच भेव घातलं. काही झालं का? कंबर धरते माही, उद्या त्याच खांबाले टेकून बसतो, पाहून घेजो."

आत्या म्हणजे तुमची एकुलती बहीण, आणि मला आईच्या मागे तिनंच वाढवलं. उद्या पहाटेच जाऊन मी मंडपाच्या दारात आडवी बसणार आहे. शिव्या खाईन. देव रागावला असंच ओरडेन, खांबाचं नावही काढणार नाही.

पण दाखवायला माझ्याजवळ काही नाही. आज निघताना त्या ओल्या हळदीत केसाएवढी नवी चीर दिसली होती. आत्या चहाला हाका मारत होती, बायका हसत होत्या, सगळं कसं छान चाललं होतं. माझा अंगठा आपसूक त्या चिरेवर गेला. मीच ती बुजवली, बाबा.